उजवा पाय आधी

मला ताठ उभं राहायला शिकवलं ते पुंडलिक साळव्यांनी. कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे पुंडलिक साळवे. काय काय झालं ते सांगतोच, पण आधी हे नाव लिहून टाकतो, कारण वाळूजच्या ज्या कंपनीच्या गेटवर आम्ही सोबत पहारा केला तिथं हे नाव कुणी घेत नव्हतं. तिथं ते ‘सुभेदार’ होते. मोठे साहेब गाडीची काच खाली करून “काय सुभेदार, सगळं ठीक?” म्हणायचे. कँटीनवाला पहिल्या उकळीचा चहा सुभेदारांचा म्हणून बाजूला काढायचा. ट्रकवाले वळणावरूनच हात वर करायचे.

दिसायलाही ते होतेच तसे. उंची बेताची, पण छाती अशी की शर्टाची बटणं कायम ड्यूटीवर. मिशा पांढऱ्या, टोकं वर. बुटांना एवढी पॉलिश की गेटची कमान त्यात उलटी दिसावी. आणि एजन्सीच्या साध्या निळ्या शर्टावर, डाव्या खांद्याला, एक लाल-सोनेरी गोफ. हा गोफ एजन्सी देत नव्हती. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्याच खांद्यावर तो नव्हता. कुणी विचारलंच तर सुभेदार म्हणायचे, “जुना हाय.” बस. विचारणारा आपणहूनच मान हलवायचा. पलटणीचा असणार.

मी गोंदिया जिल्ह्यातला. वडील अंथरुणाला खिळले, धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, माणूस कमी पडायला लागला, आणि आठवीत माझी शाळा सुटली. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, बांधीवर सगळ्यांचं भागेना, म्हणून गावातल्या एकाच्या ओळखीनं इतक्या लांब आलो. बजाजनगरात खोली मिळाली, त्यात आधीच तिघं होते. सिक्युरिटी एजन्सीच्या माणसानं ड्रेस देताना कानात सांगितलं होतं, कुणी विचारलं तर दहावी सांग. बजाजनगरातून गेटपर्यंत मी दहावी, दहावी घोकत आलो, आणि गेटवर सुभेदारांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“शिकला किती?”

त्या मिशांकडं बघून दहावी कुठल्या कुठं गेली. “आठवी,” मी म्हणालो.

“मंग आठवीच सांगत जाय. जे हाय ते पाठ करावं लागत नाय.”

हे कोण सांगत होतं ते मला फार पुढं कळलं, आणि कळलं तेव्हा मी एकटाच पुष्कळ हसलो. पण त्या दिवशी जीव एवढासा झाला होता. या गेटवरून काढलं तर दुसऱ्या कुठल्याच कंपनीत मला घेणार नव्हते, कारण बाकी सगळीकडं दहावीचा कागद बघायचे. ही एकच जागा अशी होती जिथं सुभेदारांनी मान हलवली की काम चालायचं.

गेटवर माणसाला नाव नसतं, गाव असतं. माझ्या आधीपासून तिथं एक ‘नांदेड’ होता आणि एक ‘बिहार’ होता. मी संध्याकाळपर्यंत ‘गोंदिया’ झालो.

मला उभं राहता येत नव्हतं. म्हणजे पाय होते, पण मी उभा राहिलो की कुठंतरी काहीतरी सांडलंय आणि ते मीच सांडलंय असा दिसायचो. ड्रेस एक माप मोठा, टोपी कानांवर टेकलेली. गाडी आली की मी आधी दोन पावलं मागं सरकायचो आणि मग गेट उघडायला पुढं धावायचो. सुभेदारांनी थोडा वेळ हे पाहिलं. मग जवळ आले.

“आरं, उभं राहायचं त्ये पायानं नाय. कानानं.”

मला कळेना.

“कुणीतरी दोन्ही कान धरून तुला वर वढतंय आसं समज. शाळेत वढले असतील की मास्तरनं?”

“हो. पुष्कळ.”

“मंग तेच. फकत रडायचं नाय.”

खरं सांगतो, आजही साहेबाची गाडी आली की मला आधी कानांत काहीतरी होतं, आणि मग पाठ सरळ होते.

माझ्या बोलण्यालाही सगळे हसायचे. आमच्याकडं ‘येऊन राहिले’, ‘करून राहिलो’ असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी आत आवाज दिला, “गेट उघडा, साहेब येऊन राहिले!” तर नांदेडनं दिवसभर त्याची नक्कल केली. पाणी पिऊन राहिलो, विडी ओढून राहिलो, झोप येऊन राहिली. बिहारला मराठी धड कळत नव्हती, तरी तोही हसला. सुभेदारांनी काठी जमिनीवर आपटली.

“सायेब आले का नाय?”

“आले,” नांदेड म्हणाला.

“गेट येळेवर उघडलं का नाय?”

“उघडलं.”

“मंग तुझ्या आज्याचं काय गेलं?”

मला भीती वाटत होती की आपल्याला आता इथल्यासारखं बोलावं लागणार. मी ‘लई’ आणि ‘व्हय’ म्हणून पाहिलंसुद्धा. सुभेदारांनी तोंड असं केलं, जणू त्यांच्या चहात मीठ पडलंय. म्हणाले, “नको. तुझ्या तोंडात ते भाड्यानं आणल्यागत वाटतं.”

त्यांचं स्वतःचं मात्र भाड्याचं दुकानच होतं. साहेबांसाठी एक आवाज, छातीच्या तळातून: “जय हिंद सर! सब ठीक सर!” ट्रकवाल्यांसाठी दुसरा, शहरातल्या शहागंज बाजारातून उचलल्यासारखा: “क्या मियाँ, किधर कू चले? पास बताव पयले.” आमच्यासाठी पिशोरी. कंपनीच्या मोठ्या मॅडम आल्या की शुद्ध मराठीही निघायची, “आपण थोडं थांबावं, मी आत कळवतो,” आणि ते ऐकून आम्हीच एकमेकांकडं बघायचो, हे कोण बोललं? फोनवर बायको असली की शेवटचा एक आवाज होता, तो अगदी बारीक. “व्हय... व्हय... आणतो... नाय इसरत... व्हय.” तेवढा वेळ मिशांची टोकंसुद्धा खाली आलेली मी पाहिली आहेत.

आणि शिट्टी. शिट्टी सगळ्याच पहारेकऱ्यांकडं असते, ती फुंकली की वाजते. सुभेदारांची वाजत नव्हती, बोलायची. कंटेनर मागं घ्यायचा असला की ते मागच्या चाकाशी उभे राहायचे. ये, ये, ये, असे छोटे छोटे सूर. थोडं डावीकडं असलं की सूर तिकडं झुकायचा. चाक कडेला आलं की एक लांब, थरथरता सूर, आणि शेवटी असा टक्क तोडायचे की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर. एक हरियाणाचा ड्रायव्हर गाडी लावून झाल्यावर खाली उतरला आणि म्हणाला, “उस्ताद, एक बार और बजाओ, मैं फिर से लगाता हूँ.” सुभेदार म्हणाले, “डिझल तेरा बाप देंगा?” पण संध्याकाळपर्यंत खुशीत होते.

फौजेविषयी ते बोलत नसत. नवीन कुणी विचारायचं, सुभेदार, लढाई पाहिली का? ते रस्त्यापलीकडच्या वजनकाट्याकडं लांब नजर लावायचे आणि म्हणायचे, “त्या गोष्टी आता काढू नका.” कधी फारच रंगात असले तर, “दोन्हीकडनं माणसं पेटलेली आसतेत, मधी आपुन. अंगावर ड्रेस आसतो म्हणून कुणी हात लावत नाय.” ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्याही आला होता.

मग एका दुपारी त्या रस्त्यावरून वरात गेली.

लग्नसराईचे दिवस होते. अलीकडं डीजेच असतो, पण या लग्नात कुणीतरी हौसेनं बँड सांगितला होता. ऊन मरणाचं, आणि त्या उन्हात लाल कोट, जरीच्या कॉलरी, पांढऱ्या टोप्या. बँड बजाजनगराकडं निघाला होता. सुभेदार काठी रोवून उभे होते. मी सहज पाहिलं तर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं काठीवर खालीवर होत होती. एक दाबलं, दोन दाबली, सोडली, पुन्हा एक. मला वाटलं, खाज सुटली असेल. पण बोटं बँडबरोबर चालली होती, आणि एका जागी तर बँडच्या थोडी पुढं गेली.

तेवढ्यात क्लॅरनेटवाला एक म्हातारा ओळीतून बाहेर पडला. पोटावर कोट ताणलेला, चेहरा घामानं निथळत. तो सरळ गेटपाशी आला.

“मास्तर! आवो पुंडलिक मास्तर! तुम्ही इकडं?”

सुभेदार वजनकाट्याकडं बघत होते. “कोण मास्तर? पास हाय का?”

म्हाताऱ्यानं त्यांना खालीवर पाहिलं. मग त्याची नजर खांद्यावर थांबली. “गोफ तर आपलाच हाय की,” तो म्हणाला. रागावला नाही, हसला. क्लॅरनेट तोंडाला लावत परत ओळीत जाऊन मिसळला.

वरात लांब जाईपर्यंत सुभेदार हलले नाहीत. चहाची सुट्टी झाली तेव्हा म्हणाले, “गोंदिया, चल.” टपरीच्या मागं बाकड्यावर बसलो. चहाचा पेला बाजूला ठेवून त्यांनीच सुरुवात केली.

“पोरवयातच बँडमधी शिरलो. ट्रंपेट. पुढं मास्तर झालो.”

“आणि फौज?”

“फौजेत गेलतो आसं मी कव्हा म्हणलो?”

मी आठवून पाहिलं. खरंच, कधीच म्हणाले नव्हते.

“इथं कामाला लागलो तव्हा पयल्या दिशी मोठ्या सायबाची गाडी आली. आपली सवय, नवरदेवाच्या बापाला करतो तसा सलाम ठोकला. सायेब खूश. म्हणले, अरे वा, हे तर सुभेदार दिसतेत. दुसऱ्या दिशी सगळ्या कंपनीत झालं. सायबानं ठिवलेलं नाव मी कामून खोडू?”

“मग ती लढाई? दोन्हीकडनं पेटलेली माणसं?”

“लग्नात मामांच्या मानापानावरनं पेटतेत की. तू कव्हा पाह्यलं नाय का?” ते म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं. मग ते हसू गेलं, आणि ते खांद्यावरचा गोफ चाचपत बसले.

“माझा बाप गावात हलगी वाजवायचा. बोलवणं आलं की जायचं, नाय म्हणायची सोय नव्हती. आन् मांडवाच्या भाईर उभं राहायचं. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तव्हा बापानं हलगी खुंटीला टांगली, ती परत काढली नाय. आन् मी म्हणलो बँडमधी जातो. मारायलाच उठला. सोडलं ते परत धरतो व्हय म्हणला. मी काय केलं, बँडच्या उस्तादकडनं ड्रेस आणला, घातला, आन् त्याच्या म्होरं उभा राह्यलो. कॉलर, पट्टा, हा गोफ. म्हणलं आबा, गावात वाजवलं तं राबणूक, ड्रेस घालून वाजवलं तं नोकरी. त्यानं लई येळ बघितलं. मंग म्हणला, ‘ताठ उभा राहा.’”

चहावाल्याचा स्टोव्ह फरफर करत होता.

“एकदा टेम्पोवरनं पडलो, म्होरले दात गेले. दाताबिगर ट्रंपेट वाजत नाय. मंग डीजे आला, बँडबी बसला. कवळी घालून शिट्टी तेवढी वाजती.” ते उठले, टोपी सारखी केली. “आता गेटवर हे दोघांलाच ठावं. तुला आन् मला.”

ते ओझं मी सांभाळलं, पण माझी झोप गेली. कारण दिवाळीच्या सुमारास कंपनीत बातमी आली की नवे सुरक्षा अधिकारी येणार, आणि ते खरेखुरे निवृत्त सुभेदार मेजर आहेत.

सगळे म्हणाले, आता मजा, एका गेटला दोन सुभेदार. कँटीनवाल्यानं तर दोघांची जुनी ओळख निघणार म्हणून पैजही लावली. सुभेदार बाहेरून तसेच होते, पण सकाळी त्यांनी मला विचारलं, “गोंदिया, टोपी सरळ हाय का?” इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

घोलप साहेब शहरातून, गारखेड्याहून, स्कूटीवर आले. लहान चणीचे, मिशी नाही, डोळ्यांना चष्मा, अंगात हातविणीचा स्वेटर, पायात सँडल. प्राथमिक शाळेचे हेडमास्तर वाटावेत. नांदेडनं त्यांना गेटवर अडवून पास मागितला. साहेबांनी मुकाट्यानं दाखवला आणि “बरोबर केलंत” म्हणाले. नंतर कितीतरी दिवस कामगार आत जाताना आधी आमच्या सुभेदारांना सलाम करायचे आणि शेजारी उभ्या घोलप साहेबांना, आलात का, एवढंच म्हणायचे. साहेबांना त्याचं काही वाटत नसावं. ते फक्त बघायचे. बोलायचे कमी, बघायचे फार.

आणि तोंडावर सव्वीस जानेवारी.

झेंडावंदनाला पहारेकऱ्यांची छोटी परेड व्हायची, ती वर्षानुवर्षं सुभेदारच बसवायचे. आम्हांला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या कंपन्यांचे पहारेकरी मेंढरांसारखे चालायचे, आम्ही एका तालात. सुभेदार शिकवताना म्हणायचे, “उजवा पाय आधी. उजवा! छाती काढ. लोकं तुलाच बघायला आलेत आसं चाल.” मला शाळेतलं लेफ्ट-राईट अंधुक आठवत होतं. पण मी म्हटलं, आपली शाळा आठवीपर्यंतची, फौजेत असंच असणार. नांदेड दहावी होता, त्यानंही हेच म्हटलं. बिहार काहीच म्हणाला नाही, तो आयुष्यात पहिल्यांदाच कवायत करत होता.

त्या सकाळी आम्ही ओळीत उभे. मोठे साहेब, मॅडम, कामगारांची गर्दी, आणि बाजूला हात मागं बांधून घोलप साहेब. सुभेदारांनी हुकूम दिला, गेटची कमान हादरावी असा. आम्ही सगळ्यांनी मिळून, एकाच क्षणी, उजवा पाय पुढं टाकला.

मी घोलप साहेबांकडं पाहिलं. त्यांची मान थोडीशी, अगदी थोडीशी, कलली. विणकामात एक टाका उलटा पडला की आईची मान कलते तशी.

ते परेड संपेपर्यंत थांबले. टाळ्या झाल्या, जिलेबी वाटून झाली. मग त्यांनी सुभेदारांना केबिनमध्ये बोलावलं. सुभेदार मला म्हणाले, “तूबी चल.” मी मागोमाग गेलो.

घोलप साहेबांनी दार लावलं. सुभेदारांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

“साळवे,” साहेब म्हणाले, “उजवा पाय आधी कुठल्या पलटणीत टाकतात?”

केबिनच्या खिडकीतून वजनकाटा दिसत होता. सुभेदारांनी तिकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, त्या गोष्टी काढू नका. आणि साहेब सभ्य माणूस, त्यांनी काढल्याही नसत्या कदाचित. पण सुभेदारांनी नजर परत आणली.

“वरातीत, सायेब.”

“कुठं?”

“लग्नाच्या वरातीत. शुभकार्य आसतं. डावा पाय आधी पडला तर नवरीकडले बोलतेत. उस्तादनं तसंच शिकवलं, मी तसंच ह्यांना शिकवलं.” थोडं थांबून म्हणाले, “मी फौजेत व्हतो आसं कुणाला म्हणलो नाय. पण नव्हतो आसंबी म्हणलो नाय.”

घोलप साहेबांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. हसत होते की नाही सांगता येत नाही. बराच वेळ पुसला एवढं खरं.

“काय वाजवायचात?”

“ट्रंपेट, सायेब.”

“माझ्या लग्नात बँड नव्हता,” साहेब म्हणाले. “रजाच एवढी मिळाली होती की हार घातले आणि निघालो.” मग चष्मा चढवला. “हे बघा साळवे. वरून ठरून आलंय, मोठ्या गेटवर इथून पुढं माजी सैनिकच. बाहेरचा एकच माणूस ठेवता येईल, तो मी निवडायचा. तुमची परेड उलटी आहे, पण गेट तुम्ही सरळ चालवता. तुम्ही राहा. साळवे म्हणून राहा.”

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग लक्षात आलं, एकच माणूस म्हणजे मी नाही. नांदेड आणि बिहार दहावीचा कागद दाखवून दुसऱ्या कंपनीत जातील. मला कोण घेणार? मी गोंदियाच्या गाडीत बसलेला मलाच दिसायला लागलो. बायको दारात उभी, आणि मी काय सांगणार होतो?

“मागल्या गेटला कोण हाय?” सुभेदारांनी विचारलं.

“भंगाराच्या गेटला? तिथं अर्ध्या दिवसाचं काम. म्हाताऱ्या माणसाची जागा आहे ती.”

“मंग मी कोण हाय?”

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं.

“मला तिथं टाका, सायेब. इथं ह्याला ठिवा. अर्ध्या दिवसात ह्याचं घर चालत नाय.”

“हा कोण?”

“तुळशीराम बिसेन. गोंदियाचा. आठवी शिकलाय, आन् आठवीच सांगतो.”

माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कानांनी उभा होतो, पण डोळ्यांचं काय करायचं ते त्यांनी शिकवलं नव्हतं.

“नीट विचार करा, साळवे,” साहेब म्हणाले.

“केला. उद्या ह्या गेटवर साळवे म्हणून उभा राह्यलो तर एकेकाला सांगत बसावं लागंल, सायेब, मी त्यो नव्हं म्हणून. लई लोकं हायेत कंपनीत. मागं कुणी इचारत नाय.”

“ठीक आहे. आणि तो...” साहेबांनी खांद्याकडं बोट केलं.

सुभेदार आधीच गोफ सोडत होते. बाहेर आल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. “घरी नेला तर बायको इचारंल कशापायी काढला. तुझ्याकडं ठिव. पण ध्यानात ठिव, ठिवायला दिलाय. देऊन टाकला नाय.”

मला वाटलं, आता हा माणूस मिटणार. खांदा मोकळा, अंगात नुसता साधा शर्ट, समोर भंगाराचे टेम्पो. दोन-चार दिवस मी तिकडं गेलोच नाही, बघवलं नसतं. मग एका दुपारी मागच्या भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. टेम्पो मागं येत होता आणि शिट्टीवर चक्क वरातीची चाल. आधी संथ ठाय, मग जरा उडती, आणि चाक थांबायच्या जागी शेवटचा सूर लांबवून, तोडून. मी भिंतीवरून डोकावलो. टेम्पोवाला पोरगा खाली उतरून म्हणत होता, “मास्तर, एकदम कडक!”

मास्तर. त्यांनीच सांगितलं होतं म्हणे. मागच्या गेटवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या टेम्पोवाल्यांना आपली सगळी हकीकत, दातांसकट, त्यांनी सांगून टाकली होती. मिशा तशाच होत्या, उलट थोड्या जास्तच वर.

पुढच्या गेटवर मात्र कुणाचा विश्वास बसला नाही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण साहेबांच्या केबिनच्या भिंतींनाही कान होतेच. कँटीनवाल्यानं ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाला, “बँडवाले? हॅट. मागच्या गेटला काहीतरी मोठी गडबड असणार, म्हणून सुभेदारांना गुपचूप तिकडं लावलंय. बँडबिंड सांगायला सांगितलं असेल.” कंपनीत आजही बऱ्याच जणांचं हेच मत आहे. पहिल्या उकळीचा चहा मागच्या गेटला जायला लागला.

त्यांना मी कंपनीत शेवटचं पाहिलं ते पुढच्या सव्वीस जानेवारीला. परेड आता घोलप साहेबांची. माजी सैनिकांच्या ओळीत टोकाला मी, बाहेरचा एकटा. महिनाभर साहेबांनी माझ्याकडून डावा पाय घोटून घेतला होता. मास्तरांची ड्यूटी दुपारची, पण ते सकाळीच आले होते. कामगारांच्या गर्दीमागं, साध्या शर्टात, टोपीशिवाय, ताठ उभे. त्यांचे कान कुणीतरी अजून वर ओढून धरले होते.

हुकूम झाला. अख्ख्या ओळीचा डावा पाय पुढं गेला. माझा उजवा. घोटलेलं सगळं विसरलो, कारण त्या क्षणी गर्दीच्या मागं मला एक उजवा पाय पुढं पडताना दिसला होता. पुढचं सगळं अंतर मी चुकत, उड्या मारत गाठलं. कामगार हसले. घोलप साहेबांनी पाहिलं, मान थोडीशी कलली, आणि ते दुसरीकडं बघायला लागले.

जिलेबी घेऊन मी मागच्या गेटला पळालो, तर मास्तर काम सोडून कायमचे पिशोरला निघाले होते. गुडघे धरतात, मुलगा बोलावतोय, असं म्हणाले. “काय चालला रे तू,” म्हणाले, “नवरीकडले खूश झाले असतील.” मग रिक्षात बसले. आत पाऊल टाकताना कुठला पाय आधी गेला ते सांगायला नको.

गोफ माझ्याकडंच राहिला. मी देऊ लागलो तर म्हणाले, “आत्ता नको. कामून घालू, घरात?”

माझी मुलगी गावाला आहे, शिकते. ती आठवीच्या पुढं जाणार, दहावीच्या पुढं जाणार, तिला हवं तेवढं शिकणार, हे मी आधी करीन. मग कधीतरी तिचं लग्न होईल. त्या लग्नात डीजे नसेल, मास्तर. मी बँड सांगीन, आणि पिशोरला स्वतः येऊन तुम्हांला गोंदियाला नेईन. तुम्ही काही वाजवू नका, दात जपा. मांडवाच्या बाहेर तर तुम्हांला मुळीच उभं करणार नाही. हा गोफ मी माझ्या हातानं तुमच्या खांद्यावर बांधीन, आणि तुम्ही वरातीच्या पुढं नुसतं चालायचं, उजवा पाय आधी. तोवर टिकून राहा. मी येऊन राहिलो.